संगणकाचे घड्याळ इंटरनेटच्या वेळेशी जुळतच नाही : दूध संस्थेतील अडचण

दूधगंगाकाठ (धागालेखक), सोमवार, रात्री ९.१२

नमस्कार. भुदरगड तालुक्यातील आमच्या गावच्या दूध संस्थेत संकलनासाठी एक जुना संगणक असून त्यावर विंडोज ७ चालते. वडील संस्थेचे सभासद असल्यामुळे आणि मला संगणकाची थोडीफार जाण असल्यामुळे तो सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

अडचण अशी की, आठवड्यातून दोन-तीन वेळा सकाळी संगणक सुरू केल्यावर तारीख १ जानेवारी २००९ अशी येते. सचिवांच्या लक्षात आले तर ते हाताने तारीख बदलतात, परंतु पहाटे दाराशी रांग लागलेली असली की ते राहून जाते. गेल्या आठवड्यात एक सभासद बाई तीन पावत्या घेऊन आमच्या घरी आल्या. ४.८, ४.६ आणि ४.९ लिटर म्हशीचे दूध, फॅट व एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घन घटक) व्यवस्थित छापलेले, पण तिन्ही पावत्यांवर तारीख ०१/०१/२००९ आणि वेळ मध्यरात्रीनंतरची. ११ ते २० तारखेच्या बिलात हे १४.३ लिटर दूध आलेच नव्हते, कारण प्रणालीच्या दृष्टीने ते २००९ सालचे दूध होते.

इंटरनेट टाइमच्या पानावर जाऊन मी 'अपडेट नाऊ' हे बटण अनेकदा दाबले. टाइम डॉट विंडोज डॉट कॉम हा सर्व्हर बदलून दुसराही घालून पाहिला, तरी दर वेळी जुळवणी अयशस्वी झाल्याचा संदेश येतो. सर्व्हर नेमका कोणता घालावा, हे कृपया सांगावे.

मीटरगेज, सोमवार, रात्री ९.३०

मदरबोर्डवरचा सेल संपला आहे. सीआर २०३२ आणून बसवा.

सातमाळा, सोमवार, रात्री ९.४१

मीटरगेज यांच्याशी सहमत आहे. मात्र धागालेखकांनी एक गोष्ट पाहावी. संस्थेत रात्री मेन स्विच बंद करतात का? संगणक बंद असला तरी तारेतून वीज येत असेल, तर आतले घड्याळ त्या विजेवर चालू राहते आणि सेलवर भार पडत नाही. वीज पूर्ण तुटली की मगच सेलची परीक्षा होते. आठवड्यातून दोन-तीनदाच असे का होते, याचे उत्तर बहुधा यातच आहे.

दूधगंगाकाठ, सोमवार, रात्री ९.५८

होय, विजांचा कडकडाट असला किंवा सचिव उशिरापर्यंत थांबले की ते जाताना मेन स्विच बंद करतात. एरवी तो चालूच असतो. सुरू होताना काळ्या पडद्यावर 'एफ१ दाबा' असा संदेशही येतो आणि आम्ही तो दाबून पुढे जातो. सेल उद्याच पाहतो. परंतु इंटरनेट असताना संगणकाने वेळ स्वतःहून दुरुस्त करायला नको का?

खिडकीतला_दिवा, सोमवार, रात्री १०.२५

आपला शेवटचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि सर्व्हर बदलून फरक का पडला नाही, हे त्याच्या उत्तरातून कळते.

विंडोजमध्ये वेळ जुळवणाऱ्या सेवेला एक मर्यादा घालून दिलेली असते. कोणत्याही डोमेनला (कार्यालयाच्या सामाईक जाळ्याला) न जोडलेल्या, म्हणजे आपल्या संस्थेतल्यासारख्या एकट्या संगणकावर ही मर्यादा पुढे आणि मागे दोन्ही बाजूंना ५४,००० सेकंद, अर्थात १५ तास, इतकी असते. सर्व्हरची वेळ आणि संगणकाची वेळ यांत याहून मोठी तफावत असेल, तर सेवा सर्व्हरचे ऐकत नाही. सर्व्हर बरोबर आहे की आपण, हे तिला ठरवता येत नाही आणि चुकीच्या सर्व्हरमुळे घड्याळ काही वर्षे सरकण्यापेक्षा काहीच न करणे तिला सुरक्षित वाटते. आपले घड्याळ तर कित्येक वर्षे मागे आहे. म्हणून जगातला कोणताही सर्व्हर घातला तरी उत्तर एकच येणार.

संदेश नीट वाचावा. 'सुरक्षेच्या कारणास्तव जुळवणी करता येत नाही, कारण आपली तारीख जुळत नाही' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य असेल, तर आधी तारीख, वर्ष आणि वेळ हाताने जवळपास बरोबर करावी आणि मगच बटण दाबावे. 'वेळेची मर्यादा संपली', म्हणजे सर्व्हरचे उत्तर वेळेत आलेच नाही, अशा अर्थाचा संदेश असेल, तर दोष जाळ्यात आहे. हे दोन वेगळे आजार आहेत.

रेडिओवेडा, सोमवार, रात्री १०.४०

मग रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत नोंदींच्या यादीत) जाऊन ती १५ तासांची मर्यादाच काढून टाकावी. मी माझ्या दुकानातील दोन यंत्रांवर तसे केले आहे आणि वर्षभर काहीही अडचण आलेली नाही.

खिडकीतला_दिवा, सोमवार, रात्री १०.५५

रेडिओवेडा, आपला अनुभव खोटा नाही, तरीही हा उपाय मी सुचवणार नाही. एनटीपीची, म्हणजे इंटरनेटवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीची, साधी जुळवणी कोणत्याही सहीशिक्क्याविना होते. यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून प्रश्न जातो, उत्तर येते आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो. वाटेत कोणी खोटे उत्तर दिले, तर मर्यादा काढलेला संगणक निमूटपणे दहा वर्षे मागे जाईल आणि संकेतस्थळांची ओळख पटवणारी, पण मुदत संपलेली प्रमाणपत्रे त्याला पुन्हा वैध वाटू लागतील. सहीसह वेळ देणारी एनटीएस ही पद्धत २०२० साली आली, पण विंडोज ७ ला ती ठाऊक नाही. जेथे उत्पादकांच्या पैशांचा हिशेब आहे तेथे ही मर्यादा राहू द्यावी आणि चाळीसेक रुपयांचा सेल बदलावा.

रेडिओवेडा, सोमवार, रात्री ११.०२

मुदत संपलेल्या प्रमाणपत्रांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. उद्या दोन्ही यंत्रांवर मर्यादा पूर्ववत करतो.

आजोळ, मंगळवार, सकाळी ७.१५

मला एक मूलभूत शंका आहे. एवढा खटाटोप कशासाठी? रोज सकाळी मोबाइल पाहून वेळ हाताने लावली तर एखाद्या मिनिटाचा फरक पडेल. दुधाच्या पावतीला तेवढे पुरे नाही का?

कॅलिफोर्नियातून, मंगळवार, सकाळी ८.०५

आजोळ ताई, पावतीपुरते पाहिले तर मिनिटाने काही बिघडत नाही, हे मान्य आहे. मात्र संगणकावरील इतर गोष्टी इतक्या उदार नसतात. बँकेच्या किंवा ईमेलच्या प्रवेशासाठी ॲपमधून जो सहा अंकी संकेतांक मिळतो, तो वेळेवरूनच तयार होतो आणि साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतो. दोन्हीकडची घड्याळे एकमेकांपासून मिनिटभर सरकली की बरोबर संकेतांकही नाकारला जातो. मोठ्या कार्यालयांत केर्बेरॉस पद्धतीने प्रवेश मिळतो, तेथे ठरावीक सवलत ५ मिनिटांची असते. आणि घड्याळ काही वर्षे मागे असेल, तर ब्राउझर कोणतेही सुरक्षित संकेतस्थळ उघडू देत नाही, कारण त्याच्या मते त्या स्थळाचे प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नसते.

हाताने लावलेली वेळ टिकतही नाही. संगणकातील घड्याळाचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्यात दहा लाखांत २० इतकी चूक असणे सामान्य समजले जाते. म्हणजे दिवसाला सुमारे १.७ सेकंद आणि आठवड्याला १२ सेकंद. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेले यंत्र याहूनही भरकटू शकते.

सह्यकडा, मंगळवार, सकाळी ९.२०

इंटरनेटवरून वेळ येताना वाटेत जो उशीर होतो, त्याचे काय? उत्तर पोहोचेपर्यंत ते शिळे होत नाही का?

कॅलिफोर्नियातून, मंगळवार, सकाळी ११.४०

हा प्रश्न माझ्या आवडीचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. डेलावेअर विद्यापीठातील डेव्हिड मिल्स यांनी एनटीपी ही पद्धत रचली आणि १९८५ साली तिचे पहिले लेखी विवरण आले. आजची चौथी आवृत्ती २०१० सालची आहे. तिचा गाभा चार नोंदींचा आहे : आपण प्रश्न पाठवला ती वेळ, सर्व्हरला तो मिळाला ती वेळ, सर्व्हरने उत्तर पाठवले ती वेळ आणि ते आपल्याला मिळाले ती वेळ. पहिली व चौथी आपल्या घड्याळाची, मधल्या दोन सर्व्हरच्या.

समजा, आपले घड्याळ बरोबर ५ सेकंद मागे आहे. आपण १० वाजून ०.००० सेकंदांनी प्रश्न पाठवला. सर्व्हरने तो १० वाजून ५.०४० सेकंदांनी मिळाल्याचे लिहिले आणि ५.०४१ ला उत्तर दिले. ते आपल्याकडे आपल्या घड्याळाप्रमाणे ०.०८१ ला आले. जाताना दिसणारा फरक ५.०४० आणि येताना दिसणारा ४.९६०. दोहोंची सरासरी ५.०००, म्हणजे घड्याळ तितके पुढे न्यायचे. आणि एकूण ०.०८१ मधून सर्व्हरने घेतलेला ०.००१ वजा केला की वाटेचा प्रवास ०.०८० सेकंदांचा निघतो. उशीर होतोच, पण जाण्यायेण्याचा वेळ सारखा असेल तर तो सरासरीत पूर्णपणे फिटतो. वाट असमान असेल, म्हणजे डाउनलोड वेगवान आणि अपलोड रखडणारे असेल, तेव्हा मात्र त्या फरकाच्या निम्मी चूक शिल्लक राहते आणि ती केवळ या चार नोंदींवरून ओळखता येत नाही. म्हणून शक्यतो जवळचा सर्व्हर घ्यावा आणि एकापेक्षा अधिक घ्यावेत.

सह्यकडा, मंगळवार, दुपारी १२.१०

फार सुरेख समजावून सांगितलेत. मनःपूर्वक आभार.

वर्गात_शेवटचा, मंगळवार, दुपारी २.३५

माझी अडचण थोडी वेगळी आहे, पण याच विषयातली आहे म्हणून येथेच विचारतो. मी पुण्यात अभियांत्रिकीला आहे. लॅपटॉपवर लिनक्स आणि विंडोज दोन्ही आहेत. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलो की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे असते. सेल नवा आहे. जुळवले की नीट होते आणि पुन्हा बिघडते.

सातमाळा, मंगळवार, दुपारी ३.००

फरक नेमका साडेपाच तासांचा असेल तर सेल आणि सर्व्हर दोघेही निर्दोष आहेत. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहून ठेवते, तर विंडोज तीच स्थानिक वेळ आहे असे समजून वाचते. दोघांपैकी एकाची समजूत बदलावी लागते. विंडोजच्या रजिस्ट्रीत 'टाइमझोन इन्फर्मेशन' या जागी 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' या नावाची नोंद करून तिला १ ही किंमत द्यावी. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला लावणेही शक्य आहे, पण मी पहिला मार्ग पसंत करतो.

निशिगंधा, मंगळवार, दुपारी ४.१८

ठाण्यातील आमच्या सोसायटीत मी सचिव आहे. मागच्या वर्षी वाहनतळातून एक दुचाकी चोरीला गेली. पोलिसांनी चित्रण मागितले, तेव्हा कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरचे (चित्रण साठवणाऱ्या यंत्राचे) घड्याळ २३ मिनिटे मागे असल्याचे उघड झाले. रखवालदाराच्या वहीत एक वेळ, चित्रणात दुसरी. आता मी दर महिन्याच्या १ तारखेला डीव्हीआरची वेळ आणि मोबाइलची वेळ एकाच छायाचित्रात टिपून ठेवते. डीव्हीआरमध्येही एनटीपीची सोय असते, हे या धाग्यामुळे कळले. त्यात कोणता सर्व्हर घालावा?

खिडकीतला_दिवा, मंगळवार, सायंकाळी ५.०५

निशिगंधा ताई, भारताची प्रमाणवेळ राखण्याचे काम नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे. तिचा सर्व्हर टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी या पत्त्यावर मिळतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे 'समय१' आणि 'समय२' या नावांचे सर्व्हरही आहेत. याशिवाय स्वयंसेवकांच्या सर्व्हरांचा एक सामाईक संच २००३ पासून चालतो, पूल डॉट एनटीपी डॉट ओआरजी, त्यात भारतासाठी वेगळा विभाग आहे. डीव्हीआरमध्ये पत्ता घालताना काळक्षेत्र +५.३० निवडलेले आहे ना, तेवढे पाहावे. आणि चित्रण पोलिसांच्या हाती देण्याआधी घड्याळ दुरुस्त करू नये. त्या क्षणी किती फरक आहे याची लेखी नोंद पंचनाम्यात करून घ्यावी, म्हणजे सगळे चित्रण त्या फरकाने वाचता येते.

मीटरगेज, मंगळवार, सायंकाळी ६.२२

सर्व्हरच्या निवडीबाबत एक भर घालतो. सर्ट-इनने (सायबर सुरक्षा पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने) २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवापुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्था यांनी आपली घड्याळे वर सांगितलेल्या दोन भारतीय संस्थांच्या सर्व्हरांशी, किंवा त्यांच्याशी सांगड असलेल्या सर्व्हरांशी जुळवायची आहेत. म्हणून परदेशी सर्व्हर कोणीच वापरू नयेत, असे माझे मत आहे.

कॅलिफोर्नियातून, मंगळवार, रात्री ९.४५

मीटरगेज, निर्देश आपण सांगता तसेच आहेत. पण ज्यांची यंत्रणा अनेक देशांत पसरलेली आहे, त्यांना दुसरा अचूक स्रोत वापरण्याची मुभा त्याच निर्देशांत आहे, फक्त त्यांची वेळ भारतीय सर्व्हरांच्या वेळेपासून ढळता कामा नये. घरगुती वापरकर्त्याने कोणता सर्व्हर घ्यावा, याची सक्ती मला त्यात दिसत नाही.

माझा आग्रह वेगळ्या गोष्टीचा आहे. लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखण्यासाठी जागतिक वेळेत अधूनमधून घातला जाणारा जादा सेकंद, ज्या पद्धतीने हाताळला जातो ती भिन्न असलेले सर्व्हर एकाच यादीत मिसळू नयेत. काही कंपन्यांचे सर्व्हर तो जादा सेकंद २४ तासांत थोडाथोडा पसरवतात, बाकीचे तो एकदम घालतात. शेवटचा लीप सेकंद भारतात १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचच्या ठोक्याआधी आला. त्या दिवशी मिश्र यादी असलेल्या यंत्रांना कोणाचे खरे मानावे हेच कळत नव्हते. २०३५ पर्यंत लीप सेकंदाची ही पद्धत थांबवण्याचा ठराव २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय वजनमापे परिषदेने केला आहे, तोपर्यंत ही काळजी घ्यावी.

आणि सर्व्हरला वारंवार विचारू नये. २००३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वेळेच्या सर्व्हरवर घरगुती राउटरांचा असा मारा झाला की, हा हल्लाच आहे असे प्रथम वाटले. त्या राउटरांत त्या विद्यापीठाचा पत्ता कायमचा लिहून ठेवलेला होता आणि उत्तर मिळाले नाही तर ते दर सेकंदाला पुन्हा विचारत. तासातून एकदा विचारणे कोणत्याही घरगुती संगणकाला पुरेसे आहे.

दूधगंगाकाठ, बुधवार, रात्री ८.३०

सर्वांचे आभार मानून आजपर्यंतची हकिकत सांगतो. सेल काढून मीटर लावला तर १.९ व्होल्ट. नवा सेल ३.१ व्होल्ट दाखवत होता, तो बसवला. तारीख व वेळ हाताने लावली, मेन स्विच तासभर बंद ठेवला आणि पुन्हा सुरू केला. तारीख टिकली.

परंतु 'अपडेट नाऊ' दाबल्यावर आता वेळेची मर्यादा संपल्याचा संदेश येतो. खिडकीतला_दिवा यांनी सांगितलेला दुसरा आजारही आम्हाला असावा, असे दिसते. फायरवॉल काही क्षण बंद करून पाहिली, फरक नाही.

खिडकीतला_दिवा, बुधवार, रात्री ८.५०

आता मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून तेच बटण दाबून पाहावे. संगणकात दुसरे काहीही बदलू नये.

दूधगंगाकाठ, बुधवार, रात्री ९.१०

हॉटस्पॉटवर पहिल्याच प्रयत्नात वेळ जुळली. ब्रॉडबँडवर पुन्हा तोच संदेश.

खिडकीतला_दिवा, बुधवार, रात्री ९.३५

म्हणजे दोष आपल्या राउटरमध्ये किंवा ब्रॉडबँड देणाऱ्याकडे आहे. २०१३-१४ च्या सुमारास एनटीपी सर्व्हरांचा गैरवापर करून इतरांवर माहितीचा लोंढा सोडण्याचे प्रकार झाले, तेव्हापासून काही पुरवठादारांनी १२३ क्रमांकाचे पोर्ट सरसकट अडवले. विंडोजची सेवा प्रश्न पाठवतानाही स्वतःच्या बाजूला हेच पोर्ट वापरते, त्यामुळे तिची उत्तरे वाटेत अडकतात. पुरवठादाराला लेखी कळवावे आणि सोबत हॉटस्पॉटचा व ब्रॉडबँडचा निकाल वेळेसह द्यावा. 'नेट चालत नाही' एवढेच सांगितले तर राउटर बंद-चालू करा, असे उत्तर येईल.

दरम्यान आणखी एक काम करून ठेवावे. विंडोज ७ आपणहून आठवड्यातून एकदाच वेळ जुळवते आणि त्यासाठी नेमलेली वेळ रविवारी मध्यरात्रीनंतर १ वाजताची आहे, तेव्हा आपला संगणक बंद असतो. टास्क शेड्यूलरमध्ये नवीन काम तयार करून, लॉगऑननंतर ३ मिनिटांनी 'डब्ल्यू३२टीएम /रीसिंक' ही आज्ञा चालेल असे नेमावे. आज्ञा अर्थातच रोमन अक्षरांत लिहावी आणि काम सर्वोच्च अधिकारांनी चालू द्यावे. ३ मिनिटे यासाठी की, वीज आल्यावर राउटरला जाळे पकडायला तेवढा वेळ लागतो. तसेच सर्व्हिसेसच्या यादीत 'विंडोज टाइम' ही सेवा ऑटोमॅटिक करावी, कारण ती बंद असेल तर ही आज्ञा वायाच जाते.

आजोळ, गुरुवार, सकाळी ७.४०

सगळे वाचले आणि माझे मत बदलले. एक राहून जात आहे : त्या बाईंच्या १४.३ लिटरचे काय झाले?

सातमाळा, गुरुवार, सकाळी ८.१०

आजोळ ताईंचा प्रश्न महत्त्वाचा आहे. धागालेखक, त्या नोंदी शोधण्यासाठी संगणकाची तारीख मागे नेऊ नका, नाहीतर नवा गोंधळ होईल. २००९ सालच्या नोंदींचा अहवाल काढा. त्या काळात आपली प्रणाली वापरात नसेल, तर त्या अहवालात जे जे दिसेल ते सगळे याच बिघाडाचे असेल.

दूधगंगाकाठ, मंगळवार, सायंकाळी ७.५५

पुरवठादाराला गुरुवारी लेखी पत्र आणि दोन्ही निकाल दिले. काल दुपारी त्यांचा माणूस येऊन राउटर बदलून गेला. आज सकाळी ५.५० ला संगणक सुरू केला आणि ५.५३ ला वेळ आपोआप जुळली. 'डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /स्टेटस' मध्ये शेवटच्या यशस्वी जुळवणीची वेळ दिसते, ती मी सचिवांना वाचायला शिकवली आहे. सेल बदलल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे.

सातमाळा यांनी सांगितल्याप्रमाणे २००९ चा अहवाल काढला. त्यात केवळ त्या बाईंच्या नव्हे, तर एकूण ३१ सभासदांच्या नोंदी निघाल्या. तारीख गेली होती तरी नोंदींचा क्रम शाबूत होता, त्यामुळे कोणती नोंद कोणत्या दिवसाची हे पावती क्रमांकावरून लावता आले. संध्याकाळच्या काही नोंदी 'सकाळ' म्हणून पडल्या होत्या, त्या सचिवांनी वहीशी ताडून पाहिल्या. फरकाची रक्कम चालू बिलात वेगळ्या ओळीत दाखवायचे संचालकांनी मान्य केले आहे. बाईंच्या तीन पावत्यांच्या मागे सचिवांनी खरी तारीख लिहून सही केली आणि त्या परत दिल्या.

निशिगंधा, मंगळवार, रात्री ८.२०

३१ जण! बाकीच्या तीस जणांना आपली नोंद हरवली आहे हे ठाऊक तरी होते का?

दूधगंगाकाठ, मंगळवार, रात्री ८.३१

चौघांना होते. इतरांची यादी आज फलकावर लावली आहे.